किरण उलटा चालतो

"ऊन असं पडणार नाही," काचवाली म्हणाली.

मीटिंगच्या खोलीत सहा माणसं होती आणि भिंतीवर एक मोठं चित्र होतं. डोळ्यांच्या इस्पितळाची नवी इमारत. प्रत्यक्षात ती अजून अर्धीच उभी होती, चित्रात मात्र नटूनथटून तयार. तीन मजले उंच काचेची भिंत, ओंजळीसारखी आत वळलेली, आणि त्या ओंजळीसमोर अंगण. अंगणात बाकांची रांग, बाकांवर हसरी माणसं आणि सगळीकडे सारखं पसरलेलं कोवळं ऊन.

आर्किटेक्टनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या कामावर त्याचा फार जीव होता.

"ताई, हे चित्र कुणी हातानं रंगवलेलं नाही. याला रे ट्रेसिंग म्हणतात. कॉम्प्युटर एकेक किरण मोजतो."

"मग एखादा मोजायचा राहिलाय."

खोलीत हशा पिकला. काचवाली हसली नाही. आत वळलेल्या काचेची खोड तिला ठाऊक होती. एकदा एका कपड्यांच्या दुकानासाठी बाकदार आरसा नेताना टेम्पोत त्याच्यावरचं कापड सरकलं होतं, आणि मालकाला हाक मारून येईपर्यंत समोरच्या ताडपत्रीला रुपयाएवढं भोक पडलं होतं. इथे तर एकवीस पट्ट्या, प्रत्येक अकरा मीटर उंच, तोंड दुपारच्या सूर्याकडे. आणि त्या बाकांवर बसणार कोण, तर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं. थेंबांनी बाहुल्या ताणलेल्या असतात, साधा दिवा सोसत नाही. थेंबांचा असर उतरेपर्यंत ती तास दोन तास तिथेच बसतात.

"थंडीत सूर्य खाली उतरला की ही भिंत सगळं ऊन गोळा करून बाकांवर ओतेल," ती म्हणाली.

"आम्ही उन्हाळ्यात जागेवर उभं राहून बघितलंय."

"उन्हाळ्यात ते ऊन भिंतीच्या पायाशीच पडतं. आणि नमुन्याच्या तीन पट्ट्या लावल्यात त्यांच्यावर अजून पांढरी फिल्म आहे. दिसणार काय?"

"ताई," आर्किटेक्ट शांतपणे म्हणाला, "तुमचं काम काच बसवायचं. ऊन कुठे पडतं ते आमच्यावर सोडा."

*

काचवालीचं वर्कशॉप घराच्या पुढच्या भागात होतं. मधोमध लोकर मढवलेलं काच कापायचं टेबल, भिंतीला टेकून उभ्या काचा, वर एका खिळ्याला टांगलेले काच उचलायचे रबरी पेले. हा धंदा मुळात सासऱ्यांचा. नवऱ्याचं त्यात कधीच मन रमलं नाही. दहा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला, तेव्हा त्यानं आईलाही 'चल' म्हटलं होतं. आई गेली नाही. "मुलगा बदलता येत नाही, पण घर कुणाबरोबर करायचं ते माझ्या हातात आहे," असं म्हणून ती सुनेकडेच राहिली.

ही सासू चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाली होती. अख्खी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला. "तू तोंडानंच सांगितलंस?"

"मग काय नाचून सांगू?"

"तोंडानं सांगितलेलं उत्तर पेपरात धरत नाहीत. त्यांनी चित्र दाखवलं ना? तूही दाखव. त्यांच्याच पद्धतीनं काढ."

"अहो आई, मला साधी चिठ्ठी टाइप करायला अर्धा तास लागतो."

"मग चित्राला अर्धा महिना लागेल. बस."

रे ट्रेसिंगचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. ते शोधायला एक सकाळ गेली, वर्कशॉपातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवायला दुसरी. उघडल्यावर काचवाली बघतच राहिली. रंग नाहीत, ब्रश नाही, ओढायला रेघ नाही. नुसतं कोरं पान. त्यावर शब्दांत आणि आकड्यांत लिहायचं: कॅमेरा इथे, चेंडू तिथे, त्याचा रंग लाल. लिहून झालं की बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर वरून खाली एकेक ओळ करत चित्र काढणार.

तिनं लिहिलं. बटण दाबलं. वरपासून खालपर्यंत काळंकुट्ट.

आकडे बदलले. काळं. चेंडू मोठा केला. काळं. तिच्याकडचे काच बसवणारे दोन्ही फिटर कामावर निघताना डोकावले. त्यातला थोरला म्हणाला, "बाई, रात्रीचं चित्र काढलंत का?"

मास्तरीणबाईंनी जाड भिंगातून पडद्यावरचं सगळं वाचलं. "अगं, कॅमेरा ठेवलास, चेंडू ठेवलास. दिवा कुठाय?"

दिवा लिहिला. तरी काळंच. आता कॅमेरा चेंडूच्या पोटात बसला होता. तो बाहेर काढायला बसल्या तर दोघींचं अक्षांवरून वाजलं.

"उभा अक्ष झेड," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"इथे उभा अक्ष वाय आहे. झेड समोर जातो, पडद्याच्या आत."

"कुणी ठरवलं?"

"ज्यानं सॉफ्टवेअर केलं त्यानं."

"माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता." पण मग त्यांनी एक रिकामा खोका आणला, त्याच्या तीन कडांवर खडूनं तीन अक्षरं लिहिली आणि तो कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवला. त्या दिवसापासून कुठलीही वस्तू लिहिण्याआधी काचवाली ती त्या खोक्यात बोट घालून बघे.

अकराव्या दिवशी चेंडू दिसला. लाल, एका बाजूनं उजळ, खाली सावली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सावली बरोबर पडलीय," आणि कोनमापक घेऊन पडद्यावर मोजायला लागल्या.

माहितीपुस्तक परक्या भाषेतलं. त्या दोघी शब्दकोश मांडीवर घेऊन त्यातली लागतील ती पानं काढून वाचत. त्यातली एक गोष्ट काचवालीला फार आवडली. दिव्यातून निघणारे किरण अगणित, त्यातले आपल्या डोळ्यात शिरणारे अगदी मोजके. सगळ्यांच्या मागे धावायचं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून सॉफ्टवेअर उलटं चालतं. डोळ्यातून किरण सोडतं, तो कशावर आपटतो ते बघतं, आणि त्या जागेला विचारतं: तुला इथून दिवा दिसतो का? दिसत असेल तर ती जागा उजळ, मध्ये काही आड येत असेल तर सावली.

"म्हणजे चोराच्या पावलांवरून मागे मागे जायचं," काचवाली म्हणाली.

"पहिल्यांदाच काहीतरी नीट समजलंय तुला," मास्तरीणबाई म्हणाल्या. ही त्यांची शाबासकी.

*

मग इस्पितळ. नकाशे काचवालीकडे होतेच, काच मापून तिनंच घेतली होती. एकवीस पट्ट्या तिनं एकेक करून लिहिल्या, प्रत्येक थोडी वळवून. अंगण लिहिलं, बाकं लिहिली. सूर्य लिहायचं काम मास्तरीणबाईंचं: ऐन थंडीतला, दुपारचा, किती खाली, किती बाजूला. बटण दाबून दोघी जेवायला बसल्या. जुनं यंत्र बैलगाडीसारखं चालत होतं. जेवण झालं, भांडी झाली, वामकुक्षीही झाली, तेव्हा कुठे चित्र खालपर्यंत उतरलं.

काचेची सुंदर भिंत, काचेत आभाळ, आणि बाकांवर सारखं पसरलेलं कोवळं ऊन. हुबेहूब आर्किटेक्टच्या चित्रासारखं.

काचवालीनं पडदा बंद केला. दोन दिवस ती कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. स्नानघराचे आरसे कापले, एका खिडकीची फुटलेली काच बदलली, फिटरांवर उगाच ओरडली. ताडपत्रीचं ते भोक तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. पण आता आकडे सांगत होते की ती खोटी. आणि आकडे तर तिनंच घातले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई काठी टेकत टेबलाशी आल्या.

"मी काल पुन्हा वाचलं. सॉफ्टवेअर बाकाला विचारतं, तुला सूर्य दिसतो का? बाक म्हणतं, हो, तो काय डोक्यावर. झालं, ऊन पडलं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि काचेत दिसणारा दुसरा सूर्य? त्याच्याबद्दल बाकाला कुणी विचारलं?"

काचवालीच्या हातातली हिरकणी, काच कापायची, तशीच थांबली.

"कुणीच नाही विचारलं," ती म्हणाली.

"मग ते खोटं बोललं नाही. न विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही, एवढंच. चारशे बाराव्या पानावर आहे. वेगळी सोय आहे, आपण होऊन चालू करावी लागते. ती चालू केली की आधी सूर्याकडून काचेवर प्रकाशाचे दाणे फेकतात, सुलटे, आणि ते उडून कुठे पडले ते लिहून ठेवतात. फार वेळ खातं, म्हणून बंद ठेवलेलं असतं."

काचवालीनं चार ओळी वाढवल्या. या वेळी जेवण, भांडी, वामकुक्षी आणि संध्याकाळचा चहा एवढं झालं. चित्रात अंगणातल्या रांगेतली मधली चार बाकं दिसतच नव्हती. तिथे पांढरा, डोळे दिपवणारा डाग होता.

मास्तरीणबाईंनी कागदावर एक वर्तुळाचा तुकडा काढला. "त्रिज्या तीस मीटर. आत वळलेल्या आरशाची नाभी, म्हणजे ऊन एकवटतं ती जागा, त्रिज्येच्या निम्म्यावर. म्हणजे पंधरा. बाकं भिंतीपासून किती?"

"पंधरा," काचवाली म्हणाली.

"नववीत शिकवायचे मी हे. त्या आर्किटेक्टच्या शाळेत कोण होतं कुणास ठाऊक."

*

चित्र पाहून आर्किटेक्टचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला. "फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे खालीवर करून कुणीही असा डाग पाडेल. आमच्याकडे यासाठी पाच तज्ज्ञ बसलेत."

"त्यांना विचारा, चारशे बारावं पान वाचलंय का."

"ताई, पुढच्या आठवड्यात उरलेल्या अठरा पट्ट्या चढायला हव्यात. तुम्ही चढवणार की नाही, एवढं सांगा."

"नाही."

ती खोलीतून बाहेर पडली. पण ती घरी गेली नाही. सरळ जुन्या इस्पितळात मेट्रनकडे गेली.

मेट्रन म्हणजे ठेंगणी, कडक बाई. नवी इमारत झाली की अंगणाचा ताबा तिच्याकडे येणार होता. तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. "मला यातलं काही कळत नाही. दोन्ही खरी वाटतात."

"मग चित्रावर जाऊ नका. नमुन्याच्या तीन पट्ट्या लावलेल्या आहेत, दोन टोकांना, एक मध्ये. आता थंडी आहेच, येत्या बुधवारी फिल्म काढते. ऊन असेल तर आमच्या आकड्यांप्रमाणे दुपारी पाऊण वाजता तिन्हींचा उजेड एकावर एक येईल. डावीकडून सहाव्या बाकावर."

"सहाव्याच?"

"पाचव्यावर आला तर मी तुमच्या समोर माफी मागून अठराही पट्ट्या चढवीन."

मेट्रननं फोन उचलला आणि आर्किटेक्टला बुधवारी साडेबाराला यायला सांगितलं. सांगितलं म्हणजे बजावलंच.

बुधवारी आभाळ निरभ्र होतं. फिटरांनी दोरांनी टांगलेल्या पाळण्यात बसून वरपासून फिल्म सोलून काढली. अंगणात तीन उभे उजळ पट्टे पडले, एकमेकांपासून लांब, फरशीवर तिरके. मास्तरीणबाई रिक्षानं आल्या होत्या, डोक्यावर टोपी, हातात घड्याळ. आर्किटेक्ट दोन सहकाऱ्यांना घेऊन आला.

"हे बघा, तीन पट्टे तीन दिशांना," तो मेट्रनला म्हणाला. "आणि एवढ्या उजेडानं काही होत नाही."

"मग सहाव्या बाकावर बसा," मेट्रन म्हणाली.

"मी?"

"माझे पेशंट बसणार आहेत. तुमचे डोळे तर धडधाकट आहेत. बसा, हा कागद वाचत बसा."

तो बसला. पट्टे सरकत होते, डोळ्यांना कळू नये इतके हळू, पण सरकत होते. साडेबारा. बारा पस्तीस. डावा पट्टा बाकाच्या पायाला टेकला. आकड्यातलं एक टिंब चुकलं असेल तर? सूर्य चुकला असेल तर? काचवालीनं सासूकडे पाहिलं. सासू घड्याळाकडे बघत होती, वर्गात पेपराची वेळ संपत आल्यावर बघावं तशी.

बारा एक्केचाळीसला आर्किटेक्टनं कागद चेहऱ्यासमोर धरला. बारा त्रेचाळीसला दुसरा हात कपाळावर आडवा घेतला. त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं. पाऊण वाजता तो उठून बाजूला झाला, आणि समोर खांब आहे हे न दिसल्यानं त्याच्यावर आदळला.

कुणी हसलं नाही.

"ह्या तीन आहेत," काचवाली म्हणाली. "एकवीस लावायच्यात."

मेट्रन सहाव्या बाकाजवळ गेली, लाकडावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "काम बंद," ती म्हणाली.

*

चार दिवसांनी आर्किटेक्ट स्वतः वर्कशॉपवर आला. टेबलापाशी उभा राहिला, काचेच्या कडेला बोट लागणार होतं तेवढ्यात काचवालीनं त्याचा हात मागे ओढला.

"तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला कष्ट पडले, हे तिला दिसलं. "पट्ट्यांचे कोन बदलतोय. एक आड एक, वेगवेगळ्या दिशेला. उजेड विखुरला जाईल. काम तुमच्याकडेच राहील. फक्त एक." त्यानं पिशवीतून कागद काढला. "इथे सही करा. हा दोष आमच्या तज्ज्ञांच्या तपासणीत सापडला, आणि तुम्ही त्यानुसार काम थांबवलंत."

काचवालीनं कागद दोनदा वाचला. आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला आणि थांबला.

"हे खरं नाही," ती म्हणाली.

"खरंखोटं कशाला, ताई? काच बदलतेय ना? पेशंट वाचतायत ना? एवढ्या मोठ्या ऑफिसची अब्रू आहे."

"आमचं ऑफिस लहान आहे, म्हणून त्याला अब्रू नाही?"

"तसं नाही म्हणालो मी. पण सही केली नाहीत तर आमच्या कंत्राटदारांच्या यादीतून तुमचं नाव जाईल. या इमारतीच्या आणि पुढच्याही."

तिला आठवलं, मीटिंगच्या खोलीतली माणसं कशी हसली होती ते. ती माणसं काही दुष्ट नव्हती. त्यांनी फक्त ठरवून टाकलं होतं की उजेडाचं कळायला ऑफिस लागतं. आणि आता हा कागद तेच पुन्हा लिहून, तिच्याच सहीनं पक्कं करत होता. पुढच्या वेळी एखादा फिटर 'हे चुकतंय' म्हणेल, तेव्हा त्याच्यासमोर हाच कागद ठेवतील.

"साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती म्हणाली आणि कागद परत दिला. "नाव काढा यादीतून."

तो गेल्यावर मास्तरीणबाई बाहेर आल्या.

"ऐकलंत?" काचवालीनं विचारलं. आता तिला रडू येत होतं. "मोठं काम गेलं, आई. दोन फिटर आहेत पदरी."

"गेलं. वाईट झालं." त्यांनी उगाच समजूत घातली नाही. खुर्ची ओढून बसल्या. "पण सही केली असतीस तर उद्यापासून मी तुझ्याबरोबर कॉम्प्युटरवर बसले नसते."

उरलेल्या पट्ट्या दुसऱ्या कुणी चढवल्या. इमारतीच्या उद्घाटनाच्या पत्रकात लिहून आलं की आर्किटेक्टच्या ऑफिसनं रुग्णांच्या डोळ्यांचा किती बारकाईनं विचार केला आहे. मेट्रननं ते पत्रक वाचलं, समासात लाल शाईनं 'असत्य' लिहिलं आणि परत पाठवून दिलं. त्याचं पुढे काय झालं कळलं नाही. फिटरांपैकी धाकटा दुसरीकडे गेला. थोरला राहिला, म्हणाला, "बघू तरी, बाई आता काय करतात."

बाईंनी रंगाचा डबा आणला आणि दारावरच्या पाटीवर, 'काच बसवून मिळेल' याच्या खाली, दुसरी ओळ लिहिली: 'काच बसवण्याआधी उन कुठे पडेल ते दाखवून मिळेल.'

"ऊन दीर्घ," मास्तरीणबाई खालून म्हणाल्या.

शिडीवर उभ्या उभ्या तिनं ते दुरुस्त केलं. रंग वाळायच्या आत दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी येऊन खाली उभा राहिला. त्यानं पाटी मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली.

"माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेतले कपडे चार महिन्यांत विटतात," तो म्हणाला. "सगळे नाही, एकाच कोपऱ्यातले. समोर बँकेची नवी इमारत झाल्यापासून. बँकवाले म्हणतात, आमचा काय संबंध. याचं काही सांगता येईल का?"

काचवाली शिडीवरून उतरली. हात पुसले, कागद घेतला.

"बँकेची काच आत वळलेली आहे की सरळ?" तिनं विचारलं. "आणि मापं घ्यायला कधी येऊ?"